वळ कुठे उठतो, यावरून

संध्याकाळी घरी आल्यावर आधी ब्रा काढायची आणि मग हात पुरेल तिथपर्यंत पाठ खाजवत बसायचे, हा माझा जवळजवळ वीस वर्षांचा नेम होता. छातीखाली ओलसर लाल पट्टा, खांद्यांवर पडलेल्या खाचा आणि पाठीच्या कण्यावर दोन खरखरीत काळपट चट्टे, एवढा ऐवज मी रोज अंगावर वागवत होते. आई, मावशी, मैत्रिणी यांच्यापैकी कोणीही "हे असेच असते" असे मला शब्दांत सांगितले नव्हते. पण कधी विषय निघालाच तर प्रत्येकीकडे दाखवायला आपापला एखादा वळ असायचा, त्यामुळे यात विचारण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. कोणी काही म्हटलेच तर "माझी त्वचाच नाजूक आहे" असे मी सांगत असे. हा त्वचेवर घेतलेला आळ होता, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

ते कळले त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात. छातीखालचा पट्टा एका उन्हाळ्यात इतका चिघळला की हात वर केला तरी आग होऊ लागली. त्याआधी मी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले एक मलम दोन महिने लावत होते. त्यात बुरशीचे औषध आणि स्टेरॉइड असे दोन्ही होते, हे मला नंतर समजले. स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून मलम गुणकारी वाटते. परंतु त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे बुरशी आत निवांत पसरत राहते आणि मलम थांबवले की पुन्हा जोराने वर येते. डॉक्टरबाईंनी माझे अंग तपासले, मग मी घालून आलेली ब्रा मागून घेतली, ती उलटी करून टेबलावर पसरली आणि तिचा एकेक भाग माझ्या अंगावरच्या एकेका खुणेशी जुळवून दाखवला. हुक इथे, चट्टा इथे. पट्टीची कड इथे, वळ इथे. मी एका आजाराची तक्रार घेऊन गेले होते आणि माझ्या अंगावर तीन निरनिराळी दुखणी निघाली, ज्यांची कारणे वेगळी होती आणि उपायही वेगळे होते. ब्रा काचते, अशी नुसती तक्रार करून काही हाती लागत नाही. ती नेमकी कुठे काचते आणि वळ कुठे उठतो, इथून सुरुवात केली तर बऱ्याच गाठी आपोआप सुटतात, असा माझा तेव्हापासूनचा अनुभव आहे.

स्तनांच्या खालच्या घडीपासून सुरुवात करते, कारण मला सर्वांत जास्त छळले ते तिनेच. तिथे त्वचेला त्वचा टेकते, हवा लागत नाही, घाम सुकत नाही आणि चालता-फिरताना दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासत राहतात. ओलाव्याने मऊ पडलेली त्वचा घर्षणाने सोलवटते आणि कँडिडा नावाची बुरशी, जी एरवी आपल्या अंगावर काही उपद्रव न देता राहत असते, ती सोलवटलेल्या जागी घर करते. बुरशीने जम बसवला की मुख्य लाल चट्ट्याच्या कडेबाहेर लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. डॉक्टरबाईंनी त्या पाहूनच निदान केले. त्यांनी स्टेरॉइड नसलेले औषध दिले, लाली गेल्यावरही ते काही दिवस लावायला सांगितले, आंघोळीनंतर ती घडी घासून न पुसता टिपून कोरडी करायला सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "पण ब्रा हीच ठेवलीत, तर तुम्ही पुन्हा याल." घडीत पावडर भुरभुरण्याच्या माझ्या सवयीलाही त्यांनी हरकत घेतली. पावडर घामाने भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या वाळूसारख्या घासतात, हे त्यांनी सांगितल्यावर मला स्वतःचेच नवल वाटले, कारण त्या गुठळ्या मी रोज रात्री पाहत होते.

ब्राचा या घडीशी संबंध असा, की नीट बसणारी ब्रा स्तन उचलून धरते आणि त्या घडीत हवेला थोडी वाट करून देते. माझी ब्रा उचलत नव्हती, नुसती झाकत होती. ती का उचलत नव्हती, याचे उत्तर मला मापात सापडले.

माझे माप ३६ बी होते. म्हणजे विसाव्या वर्षी एका दुकानात अंगावरच्या कपड्यांवरूनच टेप गुंडाळून मला तसे सांगण्यात आले होते. टेप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून गेली होती, ती ३६ इंच दाखवत होती आणि बी हे अक्षर बहुधा माझा बांधा मध्यम दिसला म्हणून मिळाले असावे. या ३६ वर मी पुढे इतकी निष्ठा ठेवली, की वजन वाढले, कमी झाले, बाळंतपण होऊन गेले, पण हा आकडा काही बदलला नाही. ब्राच्या मापातला आकडा छातीच्या भरलेल्या भागाचा नसतोच, तो स्तनांच्या खाली बरगड्यांभोवती फिरणाऱ्या पट्टीचा असतो, ही प्राथमिक गोष्ट मला ठाऊक नव्हती. अक्षर सांगते ते पट्टीचा आकडा आणि छातीचा भरलेला घेर यांच्यातला फरक. ढोबळमानाने एक इंच फरक म्हणजे ए, दोन इंच म्हणजे बी, तीन म्हणजे सी आणि चार म्हणजे डी. एके दिवशी दार लावून, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर धरून आणि श्वास सोडून मी स्तनांखालचा घेर मोजला तेव्हा तो साडेएकतीस इंच भरला. मग कमरेत पुढे वाकून, टेप न आवळता भरलेला घेर मोजला, तो छत्तीसच निघाला. साडेएकतीसला बत्तीसची पट्टी, वर चार इंचांचा फरक. म्हणजे माझे माप ३२ डी.

डी हे अक्षर पाहून मी टेप पुन्हा लावली. डी म्हणजे काहीतरी भलेमोठे, अशी माझ्या मनाची घट्ट समजूत होती आणि आरशात तर तसे काही दिसत नव्हते. परंतु पट्टीच्या आकड्याशिवाय या अक्षराला काही अर्थच नाही. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्ही मापांच्या कपांत सारखाच ऐवज मावतो. पट्टी एका मापाने वाढली की अक्षर एका घराने मागे सरकते. म्हणजे मी वीस वर्षे वापरलेला कप मला व्यवस्थित पुरत होता आणि तो पुरत होता म्हणूनच मला कधी संशय आला नाही. सैल होती ती पट्टी, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, चार इंचांनी. आरशात समोरून पाहिले तर सगळे ठीक दिसायचे. दोष पाठीमागे होता आणि पाठ कोण पाहते?

अक्षरांची ही पद्धत तशी फार जुनी नाही. मेरी फेल्प्स जेकब या अमेरिकन तरुणीने दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून बेतलेल्या बिनपाठीच्या ब्रेसियरला १९१४ साली पेटंट मिळाले, तेव्हा कपाला स्वतंत्र माप नव्हते. ए ते डी ही चार अक्षरे एस. एच. कॅम्प या कंपनीने १९३२ साली वापरात आणली. आजच्या पट्टीला ताण देणारा स्पँडेक्सचा धागा त्याच्याही नंतरचा; जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने तो ड्यूपाँट कंपनीत १९५८ साली सिद्ध केला. हा क्रम लक्षात घेतला की मापाच्या काही तक्त्यांत स्तनांखालच्या घेरात चार-पाच इंच मिळवायला का सांगतात, हेही उमगते. ताणले न जाणारे कापड अंगाला लावायचे तर श्वासाला जागा ठेवणे भागच होते. ताणल्या जाणाऱ्या पट्टीला तोच हिशेब लावला, तर पट्टी सैल निघणारच.

डीच्या पुढे तर आणखी घोळ आहे. ब्रिटिश मापांत डीनंतर डीडी, मग ई, एफ असा क्रम जातो. अमेरिकन मापांत डीडीनंतर डीडीडी येते. सेंटिमीटरच्या मापांत पट्ट्या ७०, ७५, ८० अशा पाच-पाचच्या टप्प्यांनी वाढतात, आणि फ्रेंच पद्धतीत त्याच पट्टीचा आकडा १५ ने जास्त लिहिलेला असतो. त्यामुळे चिठ्ठीवरचे माप हे शोधाची सुरुवात म्हणून धरावे आणि निकाल अंगावर घालून पाहिल्यावर द्यावा. मी स्वतः दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या ३२ डी घालून पाहिल्या, त्यांपैकी एक श्वास घेऊ देत नव्हती आणि दुसरी हुक लावल्यावर चक्क फिरवता येत होती.

सैल पट्टीचे परिणाम कसे साखळीने येतात, हे मला फार उशिरा समजले आणि समजल्यावर स्वतःच्या खांद्यांची दया आली. स्तनांच्या आत स्नायू नसतात. त्यांना आतून धरून ठेवणारे तंतू असतात, ज्यांचे वर्णन ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८४० साली केले आणि जे आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. बाहेरून मिळायचा तो आधार मुख्यतः पट्टीने द्यायचा असतो, कारण ती बरगड्यांच्या पिंजऱ्याभोवती घट्ट बसू शकते. स्ट्रॅपचे काम कप जागेवर राखण्याचे. पट्टी सैल असली की पुढच्या वजनाने ती पाठीवर वर चढते. ती वर चढली की कप खाली झुकतो. कप झुकला की आपण स्ट्रॅप आवळतो. स्ट्रॅप आवळले की पट्टी आणखी वर ओढली जाते. शेवटी सगळा भार दोन बोटभर रुंदीच्या स्ट्रॅपवर येतो आणि खांद्यांवर खाचा पडतात. त्या खाचांवर मी मऊ कापडाच्या घड्या ठेवून पाहिल्या, रुंद स्ट्रॅप घेऊन पाहिले, सिलिकॉनच्या गाद्या लावून पाहिल्या. हे सगळे उपाय खांद्यावर चालले होते आणि दुखण्याचे मूळ वीतभर खाली होते.

आता घालून पाहायची माझी रीत अशी आहे. नवी ब्रा मी सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर लावते. धुण्याने आणि वापराने पट्टी सैलावत जाते आणि आतल्या हुकांची सोय त्यासाठीच असते; पहिल्याच दिवशी आतला हुक लावावा लागला तर ती ब्रा काही महिन्यांतच निरुपयोगी ठरणार. हुक लावल्यावर पुढे वाकायचे आणि विरुद्ध हाताने काखेकडचा भागसुद्धा कपात ओढून घ्यायचा. हे कोणी मला चाळीस वर्षांत सांगितले नव्हते, आणि केले तेव्हा आधी बरोबर वाटणारा कप अपुरा निघाला. मग ताठ उभे राहून बाजूने आरशात पाहायचे, की पट्टी पुढून मागे सरळ रेषेत आहे का. दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडावर सपाट टेकला पाहिजे. तो अधांतरी राहत असेल, तर बहुतेक वेळा कप लहान आहे. कपाच्या वरच्या कडेला त्वचेचा दुसरा उंचवटा दिसला तरीही कप लहान, आणि कापडाला सुरकुत्या पडत असल्या तर मोठा किंवा आपल्या ठेवणीला न जुळणारा. हात वर करायचे, खाली बसायचे, खोल श्वास घ्यायचा. बसल्यावर बरगड्या थोड्या पसरतात आणि पोटाकडचा भाग पट्टीवर येतो, म्हणून उभ्याने उत्तम वाटणारी पट्टी बसल्यावर रुतते, असे माझ्या बाबतीत पुष्कळदा झाले आहे. दोन्ही स्तन थोडे लहानमोठे असणे अगदी सर्वसामान्य आहे. माप मोठ्याचे घ्यायचे आणि लहान बाजूचा स्ट्रॅप किंचित आवळायचा. घरी आणल्यावर मी ती पातळ बनियनवरून, चिठ्ठी न काढता, तासभर घालून बसते. सर्व खोट्या आशा त्या एका तासात उघड्या पडतात.

तारेच्या ब्राबद्दल मी पूर्वी फार कडवट बोलत असे, कारण एकदा तिची तार शिवणीतून बाहेर येऊन काखेत टोचली होती आणि ते प्रवासात झाले होते. परंतु तार टोचते ती बहुधा चुकीच्या जागी बसल्यामुळे. तिने स्तनाच्या मुळाला पूर्ण वळसा घालून बरगडीवर टेकायला हवे आणि काखेखालचे तिचे टोक बगलेच्या मध्याकडे रोखलेले असायला हवे. कप लहान असला की ती स्तनाच्या मऊ भागावर चढून बसते आणि दिवसभर तिथेच दाब देते. तारेचा वळ लाल अर्धवर्तुळाच्या रूपात स्तनावरच उमटत असेल, तर तार नको असे ठरवण्याआधी एक अक्षर पुढचा कप घालून पाहावा. बाळाला पाजणाऱ्या बाईने मात्र असा दाब अजिबात चालवून घेऊ नये, कारण त्याने दूध साकळण्याचा धोका असतो. तारेमुळे स्तनांचा कर्करोग होतो, ही भीती अजूनही कुजबुजत सांगितली जाते. अमेरिकेतील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये ब्रा वापरणे, तार असणे-नसणे किंवा रोजचे तास यांचा कर्करोगाशी काहीही संबंध आढळला नाही. तार आवडत नसेल तर ती सोडायला "मला आवडत नाही" एवढे कारण पुरेसे आहे.

पाठीवरच्या दोन चट्ट्यांचे प्रकरण मापाचे नव्हते. ते नाण्याएवढे, खरखरीत, रात्री खाजणारे होते आणि बरोबर हुकांच्या जागी होते. डॉक्टरबाईंनी ब्राचे हुक भिंगाखाली दाखवले, तर त्यांच्यावरचे पातळ लेपन झिजून आतला धातू उघडा पडला होता. संपर्काने होणाऱ्या ॲलर्जीच्या कारणांत निकेल जगभर अग्रस्थानी आहे, आणि घामात निकेलचे कण विरघळून त्वचेत उतरतात. खात्रीसाठी त्यांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या छोट्या चकत्या दोन दिवस चिकटवून ठेवतात, त्या काढल्यावर एकदा आणि पुन्हा दोन-एक दिवसांनी त्वचा पाहतात, आणि या काळात पाठ भिजवायची नसते. त्यातला न भिजवण्याचा भागच अवघड. निकेलच्या चकतीखाली माझी त्वचा लाल होऊन वर आली होती. मग मला आठवले, की स्वस्तातली कानातली घातली की माझे कान पाणावतात आणि जीनच्या बटणाखाली पोटावर एक डाग आहे. हे तिन्ही मी कधी एका माळेत ओवले नव्हते. युरोपीय संघाने १९९४ सालीच यावर नियम केला असून, त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल बाहेर पडता कामा नये, अशी मर्यादा आहे. धातूत निकेल आहे का हे पाहण्यासाठी डायमिथाइलग्लायॉक्झिमचे द्रावण मिळते. कापसाच्या बोळ्यावर ते घेऊन धातूवर घासले आणि बोळा गुलाबी झाला, तर निकेल आहे. मी एका दुपारी घरातले सगळे हुक, कड्या, साखळ्या तपासल्या आणि गुलाबी बोळ्यांचा ढीग पाहून जरा गप्प बसले. आता मी प्लास्टिकच्या कड्या असलेली, किंवा हुकाच्या मागे जाड दुहेरी कापडाची जीभ असलेली ब्रा निवडते, आणि लेपन खरवडलेले दिसले की हुकाची पट्टी बदलून घेते. शिवणकाम जमणाऱ्या कोणालाही हे अर्ध्या तासाचे काम आहे.

तिसरा वळ म्हणजे पट्टीच्या कडेने संपूर्ण अंगाभोवती फिरणारी रेषा. येथे मात्र दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. ब्रा काढल्यावर दिसणारी फिकट रेषा थोड्या वेळात विरून गेली, तर ती नुसती दाबाची खूण आहे, मोज्यांचीही पडते. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकली, तिला खाज सुटली, बारीक पुरळ आले किंवा तिथली त्वचा जाड आणि काळसर होऊ लागली, तर प्रकरण दाबाच्या पुढे गेलेले असते. माझ्या बाबतीत तो घर्षणाचा परिणाम होता, कारण वर-खाली सरकणारी सैल पट्टी दिवसभर घासत होती. बत्तीसची पट्टी आल्यावर तो दोन महिन्यांत गेला. घट्ट पट्टीने वळ जातो, हे मी सांगते तेव्हा कोणाचा विश्वास बसत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे कारण निराळे होते. तिचे माप बरोबर होते, तरी इलास्टिकच्या रुंदीचा लाल पट्टा अंगाभोवती उठायचा, आणि तोही फक्त पांढऱ्या ब्रांमुळे. ती पांढरे कपडे क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवत असे. रबर पक्के करताना त्यात कार्बामेट, थायुराम अशी रसायने घालतात, ती काहींना मुळातच सोसत नाहीत; त्यात इलास्टिकमधल्या अशा रसायनावर ब्लीचची क्रिया होऊन अधिक तापदायक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि तो नंतर कितीही धुतले तरी सहजी निघत नाही. तिने ब्लीच सोडले, जुन्या पांढऱ्या ब्रा टाकून दिल्या आणि इलास्टिक कापडाने पूर्ण मढवलेल्या ब्रा घेतल्या.

काखेच्या पुढच्या-मागच्या कडांवर पुरळ येत असेल आणि काखेचा खोलगट भाग मात्र स्वच्छ असेल, तर कापडाच्या रंगावर संशय घ्यावा. खोलगट भागातच पुरळ असेल तर डिओडरंटवर. कृत्रिम धाग्यांना दिल्या जाणाऱ्या डिस्पर्स जातीच्या रंगांपैकी निळा १०६ आणि निळा १२४ हे त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहेत आणि गडद निळ्या-काळ्या कपड्यांत ते आढळतात. अशा वेळी काही आठवडे फक्त पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या ब्रा वापरून पाहणे हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

कापडाबद्दल "सुती घ्या" एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. सुती कापड घाम चटकन शोषते, मऊ असते आणि त्यात सहसा डिस्पर्स रंग नसतात, हे त्याचे गुण. परंतु ते घाम धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही, त्यामुळे घाम फार येणाऱ्या बाईच्या अंगावर दुपारनंतर ओले फडके बांधल्यासारखे होते. पॉलिएस्टर आणि नायलॉन लवकर वाळतात, पण पाणी फारसे शोषत नाहीत, म्हणून दाट विणीचे असले की घाम त्वचेवरच साचतो आणि घामोळे येते. मोडाल, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचे कापड, मऊ असते, घर्षण कमी करते, आणि माझे मत विचाराल तर पट्टीच्या आतल्या बाजूला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठीवरचे "सुती" हे नेमके कोणत्या भागाबद्दल आहे ते वाचावे. पुष्कळदा कप सुती असतो आणि पाठीकडची पट्टी, जी सर्वांत घट्ट टेकते, ती नायलॉन आणि इलॅस्टेनची, म्हणजे स्पँडेक्सची असते. म्हणून मी ब्रा विकत घेताना ती उलटी करते आणि आतल्या बाजूने बोट फिरवते: शिवण कुठे येते, तिचे टोक दोऱ्याने टोचते का, फोमचा कप आहे तर त्याला अस्तर कशाचे आहे, लेस थेट अंगाला लागते का. बाहेरचे सौंदर्य मी त्यानंतर पाहते, आणि बहुतेक वेळा तोवर मोह ओसरलेला असतो.

धुण्याचे फार काही नाही. कोमट किंवा थंड पाणी, थोडा सौम्य साबण, हुक लावून जाळीच्या पिशवीत, आणि एकदा जास्तीचे स्वच्छ पाणी, कारण साबणाचा अंश राहिला की घामाबरोबर तोच त्वचेला लागतो. कपडे मऊ करणारे द्रावण मी वापरत नाही. ते धाग्यांवर थर धरून बसते. उष्णतेने ताणाचा धागा मरतो, म्हणून वाळवायचे सावलीत. ओलसर राहिलेली ब्रा घाईत घालणे हे मात्र घडीतल्या बुरशीला आवतण आहे. व्यायामाच्या ब्रालाही हेच लागू. १९७७ साली लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा आधार एकत्र शिवून ती पहिल्यांदा बनवली, ही गोष्ट मला फार आवडते. पण धावून आल्यावर ती ओली ब्रा अंगावर ठेवून गप्पा मारत बसण्याची सवय मला महागात पडली आहे.

एक खूण मात्र ब्राच्या माथी मारू नये. स्तनाग्रावर एकाच बाजूला इसबासारखा खरबरीत, खपली धरणारा चट्टा आला, त्यातून पाणी किंवा रक्त येऊ लागले आणि ब्रा बदलून, मलम लावून तो दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली वर्णन केलेला स्तनाग्राचा आजार नेमका असाच दिसतो आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कर्करोग असतो. शिवण घासल्याने होणारी जखम शिवण बदलली की भरते.

माप एकदा ठरले म्हणजे ठरले, असेही नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मला तोच कप अपुरा पडतो, म्हणून त्या दिवसांसाठी मी एक बिनतारेची, ताणल्या जाणाऱ्या कपाची ब्रा वेगळी ठेवली आहे. वजन पाच-सहा किलोंनी इकडेतिकडे झाले की टेप बाहेर काढते. मागच्या वर्षी असे लक्षात आले, की पट्टी तीच राहिली आणि अक्षर एका घराने पुढे गेले; या वेळी मी टेप दुसऱ्यांदा लावली नाही.

एवढे सगळे निस्तरल्यावर आता माझ्या अंगावर एकच वळ उरला आहे, डाव्या बगलेखाली, करंगळीच्या नखाएवढा. तो धुण्याच्या सूचनांच्या चिठ्ठीचा आहे. ती कात्रीने कापली की शिवणीत तिचे दोन मिलिमीटरांचे ताठ खुंट राहते आणि ते आख्ख्या चिठ्ठीपेक्षा जास्त टोचते. म्हणून नवी ब्रा पसंत पडली, तासभर घालून झाली आणि ठेवायची ठरली, की मी खिडकीजवळ बसून टाके उसवण्याच्या हत्याराने ती चिठ्ठी एकेक टाका सोडवत काढते. परवाच्या ब्रामध्ये ती थेट इलास्टिकच्याच शिवणीत पकडलेली निघाली, तेव्हा उसवावे तर पट्टी सुटणार. तिच्यावर सध्या मोडालचा एक छोटा तुकडा शिवून ठेवला आहे, आठवडाभरात कळेल.